वीडा आणि तिचीं बेवारशी कुत्रीं

प्रणयकादंबऱ्या लिहून अमाप पैसा मिळविणारी, आणि अखेर इटलींतील एका समुद्रकांठच्या गांवीं रस्त्यावरचीं कुत्रीं सांभाळीत दारिद्र्यांत दिवस काढणारी लेखिका, असें वीडाचें वर्णन करतां येईल. वीडा हें टोपणनांव. मराठी कानास तें विड्याच्या पानाची आठवण करून देईल. परंतु त्याचा उगम अगदीं घरगुती आहे. तिचें नांव लुईझ. बाळपणीं बोबड्या बोलांत तिनें त्याचें जें रूप केलें, तेंच पुढें पुस्तकांवर छापलें गेलें. तिचा जन्म १ जानेवारी १८३९ रोजीं इंग्लंडांतील बरी सेंट एडमंड्स या गांवीं झाला. वडील फ्रेंच, आई इंग्रज.

तिची पहिली मोठी कादंबरी १८६३ मध्यें निघाली, आणि १८६७ मधील 'अंडर टू फ्लॅग्ज' या कादंबरीनें तिला घरोघर पोंचविलें. देखणा इंग्रज सरदार दुसऱ्याचा कलंक स्वतःच्या माथीं घेऊन आल्जीरियांतील फ्रेंच सैन्यांत शिपाई होतो, आणि छावणींतील एक बेदरकार मुलगी त्याच्यासाठीं छातीवर गोळ्या झेलते, असें तिचें कथानक. टीकाकार हंसत, वाचक रडत. पैसा मात्र ओघानें येई.

१८७४ मध्यें वीडा आईसह फ्लॉरेन्स येथें कायमची राहावयास गेली, आणि पुढें शहराबाहेर तीन मैलांवर स्कांदिच्ची येथील व्हिला फारिनोला या प्रशस्त हवेलींत तिनें बिऱ्हाड केलें. उंची वस्त्रें, उमदे घोडे, जुन्या कलावस्तूंचा संग्रह, पाहुण्यांची वर्दळ, आणि या साऱ्यांत मोकळेपणीं हिंडणारीं पुष्कळ कुत्रीं, असा तेथील थाट होता. कुत्र्यांचा हा लळा श्रीमंतीचा चाळा होता असें मात्र समजूं नये. श्रीमंती गेली, तरी तो गेला नाहीं.

त्या काळीं बेवारशी कुत्र्याची स्थिति युरोपांतही कठीणच होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या भयानें मुसक्या बांधण्याचे हुकूम निघत. ज्याला धनी नाहीं, त्याच्या नशिबीं बहुधा मरणच येई. मुसक्यांच्या या सक्तीविरुद्ध वीडानें लेखणी चालविली. १८८१ च्या 'अ व्हिलेज कम्यून' या कादंबरींत तिनें खेड्यांतील क्षुद्र अंमलदार गोरगरिबांना नियमांच्या आणि दंडांच्या जाळ्यांत कसे गुंतवितात, तें रंगविलें. राजवाडे आणि उमराव यांवर लिहिणाऱ्या या बाईला शेतकऱ्याच्या दाराशीं काय चाललें आहे तेंही दिसत होतें, आणि रस्किनसारख्या चोखंदळ टीकाकारानें या पुस्तकाची प्रशंसा केली. १८९३ मध्यें तिनें प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांविरुद्ध एक कडक पुस्तिका लिहिली. तिचा आवेश प्रामाणिक होता. पण पाश्चर याच्या ज्या लशीनें १८८५ पासून पिसाळलेल्या कुत्र्यांनीं चावलेल्या माणसांचे प्राण वांचूं लागले होते, ती लसही प्राण्यांवरील प्रयोगांतूनच सिद्ध झाली होती, हें विसरून चालणार नाहीं.

तिच्या मनाची खरी खूण पटते ती एका लहानशा कथेंत. 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' ही कथा १८७२ मधील. फ्लँडर्स प्रांतांत त्या काळीं कुत्र्यांना गाडीस जुंपून माल ओढवीत. एक निर्दय व्यापारी आपल्या पात्राश नांवाच्या कुत्र्याला मारून मारून, मेला असें समजून, रस्त्याकडेला टाकून जातो. एक लंगडा म्हातारा सैनिक आणि त्याचा नातू नेल्लो त्याला झोपडींत आणून जगवितात. बरा झाल्यावर तो कुत्रा आपण होऊन म्हाताऱ्याच्या दुधाच्या गाडीपुढें जाऊन उभा राहतो. अखेरीस निराधार झालेला नेल्लो नाताळच्या रात्रीं अँटवर्पच्या मोठ्या चर्चमध्यें रूबेन्सच्या चित्रांपाशीं जातो. चुलीची ऊब सोडून पात्राश बर्फांतून त्याचा माग काढीत येतो, आणि दोघेही थंडीनें तेथेंच मरतात. वीडाचे सरदार आणि डचेस आज फारसे कोणी ओळखीत नाहीं. या कथेवर मात्र जपानांत १९७५ मध्यें चित्रमालिका निघाली आणि तेथील मुलांना ती परिचित झाली. २०१६ मध्यें अँटवर्पच्या त्याच चर्चसमोर दगडी फरसबंदीचें पांघरूण घेऊन निजलेल्या नेल्लो आणि पात्राश यांचें शिल्प बसविलें गेलें.

१८९० नंतर तिच्या पुस्तकांचा भाव उतरला. हातांत पैसा राखणें तिला कधींच जमलें नव्हतें. १८९३ मध्यें आई वारली, तेव्हां तिला फ्लॉरेन्सच्या स्मशानभूमींत निर्धनांच्या रीतीनें मूठमाती द्यावी लागली. तिला दोष देणाऱ्यांनीं या प्रसंगाकडे बोट दाखविलें, तर त्यांत नवल नाहीं. त्यानंतर १८९४ ते १९०४ पर्यंत ती लुक्का शहराजवळ सांत आलेस्सियो येथें राहिली, तीही बऱ्याचदा हलाखींतच. पुढें व्हियारेज्जो येथें एक अडाणी शेतकरी बाई तिची देखभाल करी, आणि वाटेंत सांपडेल तें मोकाट कुत्रें वीडा घरांत घेई. स्वतःच्या पोटाची भ्रांत असलेल्या म्हातारीनें आणखी एक तोंड वाढवावें, याला कोणी वेडेपणा म्हणेल. तिच्या मनाला मात्र दुसरी वाट ठाऊक नव्हती. स्नेह्यांनीं खटपट करून इंग्लंडच्या सरकाराकडून सालीना १५० पौंडांचें वर्षासन मिळविलें. यांत आपला अपमान आहे असें म्हणून तिनें तें प्रथम नाकारलें, आणि मग १९०६ च्या जुलैंत घेतलें.

२५ जानेवारी १९०८ रोजीं तिला मरण आलें. बाग्नी दि लुक्का येथील इंग्रजी स्मशानांत एका अनामिक चाहतीनें तिच्या थडग्यावर निजलेली मूर्ति बसविली; मूर्तीच्या पायांशीं एक कुत्रा आहे. जन्मगांवीं तिचें स्मारक २ नोव्हेंबर १९०९ रोजीं खुलें झालें. त्यावरील लेख हिंदुस्थानांत बंगालच्या फाळणीमुळें ठाऊक असलेल्या लॉर्ड कर्झन यानें लिहिला. स्मारक म्हणजे पाण्याचा हौद आहे, घोड्यांसाठीं आणि कुत्र्यांसाठीं.