खरेदीखत आणि मालकीचा विमा

घर किंवा जमीन विकत घेणें हा शेतकरी कुटुंबाच्या आयुष्यांत एकदोनदांच येणारा प्रसंग होय. मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून तालुक्याच्या गांवीं घर घेतांना पुष्कळ बागाईतदार अनेक वर्षांची शिल्लक एका दिवसांत खर्चीं घालतात. मुद्रांक शुल्क भरलें, खरेदीखत नोंदलें गेलें, म्हणजे मालकी पक्की झाली अशी बहुतेकांची समजूत असते. ती सर्वस्वी बरोबर नाहीं. अमेरिकेंत याच उणिवेंतून मालकीच्या विम्याचा जन्म झाला. त्याचा विचार आपल्या वाचकांसहि उपयोगी पडेल.

विम्याचा उगम

पेनसिल्व्हेनिया राज्यांत एका खरेदीदाराची रक्कम मिळकतीवरील जुन्या हुकूमनाम्याच्या बोजामुळें बुडाली. कागदपत्रें तपासणाऱ्या मध्यस्थास हुकूमनामा ठाऊक होता. परंतु त्याचा बोजा मिळकतीवर नाहीं, या वकिलाच्या मतावर तो विसंबला. वॉटसन विरुद्ध म्यूरहेड या खटल्यांत १८६८ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें मध्यस्थास भरपाईच्या जबाबदारींतून मुक्त केलें. प्रामाणिकपणें तपास होऊनहि नुकसान खरेदीदाराच्याच माथीं बसलें. पुढें १८७४ सालीं कायदा झाला आणि १८७६ सालीं फिलाडेल्फिया शहरांत असा विमा उतरविणारी पहिली कंपनी निघाली.

आगीचा किंवा पिकाचा विमा पुढें येणाऱ्या संकटासाठीं असतो. हा विमा मागें घडून गेलेल्या, परंतु उघडकीस न आलेल्या दोषांसाठीं असतो. खोटी सही, लपविलेला वारस, न फिटलेलें गहाण हे ते दोष होत. हप्ता खरेदीच्या वेळीं एकदांच भरावयाचा असतो. कर्ज देणाऱ्या बँकेचा विमा केवळ बँकेच्या येण्यापुरता असतो. खरेदीदारास स्वतःसाठीं निराळा उतरवावा लागतो. कंपनी आधीं दप्तर तपासते व जे दोष आढळतील ते करारांतून वगळते. विमा कोर्टखर्च व भरपाई देतो. गेलेलें घर परत मिळवून देईलच असें नाहीं.

आपल्याकडील स्थिति

दक्षिण ऑस्ट्रेलियांत टोरेन्स यांच्या पद्धतीनें १८५८ पासून सरकारच मालकीची हमी देऊं लागलें. आपल्याकडे तसें नाहीं. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वयें दस्ताची नोंद होते, मालकीची नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या कलम १५७ प्रमाणें सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा तर केवळ करआकारणीचा उतारा होय.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १६ मध्यें प्रवर्तकानें मालकीचा विमा उतरविण्याची तरतूद आहे. मात्र ती सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. खाजगी इसमाकडून जुनें घर किंवा शेत घेणारास तिचा आधार नाहीं. त्यानें तपासावरच भिस्त ठेविली पाहिजे.

तपास कसा करावा

गहाण सोडविण्याची मुदत तीस वर्षांची असल्यामुळें निदान तितक्या वर्षांचा शोध दुय्यम निबंधकाच्या कचेरींत घ्यावा. सातबाऱ्याबरोबर त्यावर लिहिलेला प्रत्येक फेरफार काढून वाचावा. 'इतर हक्क' हा रकाना विशेष पाहावा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्यास परवानगीवांचून व्यवहार करूं नये. शहरांतील घराची मिळकत पत्रिका पाहावी. मूळ दस्त मागून घ्यावेत. नक्कल दाखविणाऱ्याचा मूळ दस्त सावकाराकडे तारण असूं शकतो. घरांत कोण राहतें व कोणत्या नात्यानें, हेंहि समक्ष विचारावें.

सर्वांत अधिक दगा वारसाहक्कांत होतो. हिंदु उत्तराधिकार कायद्यांतील २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलीस जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. त्यासाठीं बाप २००५ सालीं हयात असण्याची जरुरी नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. म्हणून सातबाऱ्यावर बहिणींचीं नांवें नाहींत एवढ्यावरून त्यांचा हिस्सा नाहीं असें समजूं नये. त्यांची खरेदीखतावर सही घ्यावी, किंवा त्यांनीं नोंदलेलें हक्कसोडपत्र पाहावें.

विकणारासहि हें लागू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५५ त्याच्यावर ठाऊक असलेला दोष सांगण्याचें बंधन घालतें. भावकींतला तंटा लपवून दोन पैसे अधिक मिळतील, परंतु ते कोर्टांत भरून द्यावे लागतील.

हा सर्व तपास विसार देण्यापूर्वींच करावा. विसारपावतींत, मालकी निर्वेध न आढळल्यास विसार परत मिळेल, असें स्पष्ट लिहून घ्यावें. वकिलाच्या फीचे व शोधाचे पैसे जड वाटले तरी आपल्याकडील शेतकऱ्याचा मालकीचा विमा तोच आहे, असें समजावें.