रांग कुठल्या औषधाला लागली?

मंडळी, एप्रिल २०२१ जरा आठवून बघूया. पुण्या-मुंबईत मेडिकलबाहेर माणसं तासन्‌तास उभी होती. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, पेशंटचा रिपोर्ट, आधार कार्डाची झेरॉक्स. हवं होतं एकच, रेमडेसिविर. आम्हीही तेव्हा एका नातेवाइकासाठी दिसेल त्याला फोन लावले होते, त्यामुळे रांगेतल्या माणसाला हसायचा अधिकार आम्हाला नाही. पण रांग याच औषधाला का लागली?

त्याआधी दहा महिने, जून २०२० मध्ये, दोन बातम्या आल्या होत्या. भारतात रेमडेसिविरला आणीबाणीतल्या वापराची मर्यादित परवानगी मिळाली, ही एक. दुसरी ब्रिटनमधून आली. ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. हे औषध काही रुपयांत मिळतं. त्याला रांग लागली नाही.

रेमडेसिविरने अमेरिकेतल्या चाचणीत बरं व्हायचा काळ पंधरा दिवसांवरून दहावर आणला होता, हे खरं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत मृत्यूंवर फारसा फरक दिसला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये संघटनेने दाखल रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला. (२०२२ मध्ये हा सल्ला थोडा बदलला. जोखीम जास्त असलेल्यांना अगदी सुरुवातीला दिलं तर उपयोग होतो, असं दिसलं. आपले लोक मात्र ते शोधत होते पेशंट अत्यवस्थ झाल्यावर.)

आता घरच्यांच्या जागी उभं राहून बघा. पेशंट आत, भेटायला बंदी, आणि बाहेर आलेल्या निरोपात एकच काम: इंजेक्शन आणा. हातात करण्यासारखं तेवढंच होतं. त्यात औषध महाग, शिवाय मिळत नाही. ११ एप्रिलला सरकारने त्याची निर्यात थांबवली, तेव्हा तर खात्रीच पटली. जे देशाबाहेर जाऊ देत नाहीत ते जीव वाचवणारंच असणार! टंचाई हाच लोकांना पुरावा वाटला.

स्वस्त औषधाची बातमीही अर्धीच पोचली. त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा दिसला नव्हता, उलट नुकसानीची शक्यता होती. कारण साधं आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, तेव्हा प्रतिकारशक्ती हवी असते. पुढे काहींमध्ये तीच प्रतिकारशक्ती अनावर होऊन फुप्फुसांना सूज आणते, आणि स्टिरॉइड ती सूज उतरवतं. म्हणजे प्रश्न औषधाचा जितका, तितकाच वेळेचा. पण कुणाची तरी प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि ताप आल्या दिवसापासून लोकांनी गोळ्या सुरू केल्या. स्टिरॉइडने साखर वाढते. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आले, त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही जोडी डॉक्टरांना वारंवार दिसली.

लसीचंही तेच झालं. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा खुद्द आरोग्य कर्मचारीसुद्धा ‘बघू, आधी दुसऱ्यांना घेऊ दे’ म्हणत होते. एप्रिलमध्ये साठा संपून मुंबईतली कितीतरी केंद्रं बंद पडली, आणि मग काल नको म्हणणारे पहाटे रांगेत आले. मोबाइलवर स्लॉट धरून शहरातली माणसं खेड्यातल्या केंद्रावर पोचली आणि गावकरी बघत राहिले.

१३ मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. लोक म्हणाले, लस नाही म्हणून अंतर वाढवलं. प्रत्यक्षात या लसीच्या चाचण्यांचे आकडे फेब्रुवारीतच ‘लॅन्सेट’मध्ये आले होते: सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतला तर परिणामकारकता ५५ टक्के, बारा आठवड्यांनंतर घेतला तर ८१ टक्के. ब्रिटनने तर डिसेंबर २०२० पासूनच बारा आठवड्यांपर्यंतचं अंतर ठेवलं होतं. पण आपल्याकडे ही गोष्ट सांगितली गेली ती केंद्रांवर ‘लस संपली आहे’ असे बोर्ड लागलेले असताना. ते बोर्ड वाचून घरी परतलेल्या माणसाने ५५ आणि ८१ वर विश्वास ठेवला नाही, तर त्याला अडाणी म्हणायला आम्ही तयार नाही.