एक संकेतस्थळ, दोन दप्तरं

समजा, कवितांचं एक संकेतस्थळ आहे. कवींची नावं, पत्ते, कुणाला किती मानधन दिलं, हे सारं तक्त्यांत छान बसतं. माहिती तक्त्यांत मांडून त्यांची नाती जुळवण्याची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. मायएसक्यूएलसारखे डेटाबेस त्याच वाटेने चालतात.

पंचाईत होते ती कवितांची. गझलेला मतला, मक्ता, रदीफ, काफिया. अभंगाला नाममुद्रा. मुक्तछंदाला यातलं काहीच नाही. सगळ्यांना एकच तक्ता आखला, तर निम्मे रकाने रिकामे! म्हणून जोडीला दस्तऐवजी डेटाबेस घ्यायचा. २००९ साली आलेल्या मोंगोडीबीत प्रत्येक नोंद हा एक सुटा कागद. ज्याला जे लागतं तेवढंच त्यावर लिहायचं. एका कागदाची मर्यादा १६ मेगाबाइट. दीर्घकविता लिहिणाऱ्यांनाही ती पुरून उरावी.

जोडणी तशी सोपी. दोन्ही डेटाबेसचे पत्ते आणि पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात न लिहिता वेगळे ठेवायचे आणि कवितेच्या कागदावर कवीचा तक्त्यातला क्रमांक नोंदवायचा.

खरी गोम पुढे आहे. एकाच डेटाबेसमध्ये 'दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही' अशी हमी मिळते. मोंगोडीबीनेही २०१८ पासून अनेक कागदांसाठी ती दिली. पण प्रत्येकाची हमी आपल्या उंबरठ्यापुरती. मध्येच वीज गेली, तर मानधन नोंदलं जाईल आणि कविता हरवेल. किंवा कविता झळकेल आणि पैसे राहतील. (हा दुसरा प्रकार कवींना नवा नाही!)

यावर तोड अशी: मानधनाची नोंद करताना त्याच व्यवहारात कवितेचा मजकूर आणि क्रमांक 'पोचवायचं बाकी' अशा एका तक्त्यात लिहून ठेवायचा. एक छोटा प्रोग्रॅम तो तक्ता वाचून कविता मोंगोडीबीत नेतो आणि पोचली की खूण करतो. खूण करण्याआधीच तो बंद पडला, तर पुन्हा नेईल. पण क्रमांक तोच असल्याने कविता दोनदा छापली जाणार नाही.

अर्थात, हा दुसरा संसार मांडण्याआधी एक पाहावं. मायएसक्यूएलमध्ये २०१५ पासून असे सुटे कागद ठेवायला जेसन नावाचा रकाना मिळतो. काही हजार कविता असतील, तर माझ्या मते तेवढ्यात भागतं.