बाबागाडीतल्या बाळाला काय दाखवावे?

सोनपेठ (जि. परभणी), प्रतिनिधी : शहरातल्या दुकानात बाबागाडी घ्यायला गेलेल्या पालकांना गाडीबरोबर आणखीही बरेच काही दाखविले जाते. टपाला अडकवायची रंगीत खेळणी, काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या पट्ट्या आणि मोबाइल बसविण्याचा स्टँडसुद्धा. मेंदूच्या वाढीसाठी बाळाच्या डोळ्यांपुढे सतत काहीतरी हवे, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी मात्र बाबागाडी क्वचितच दिसते. तेथील बाळ आजीच्या कडेवर, पाळण्यात किंवा साडीच्या झोळीत वाढते. मग ते काही गमावते का? आणि शहरातले बाळ या खेळण्यांमुळे काही कमावते का?

जन्मतः बाळाची नजर अंधूक असते. साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचे त्याला त्यातल्या त्यात बरे दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. हलत्या वस्तूमागे नजर नीट फिरू लागते ती दोन-तीन महिन्यांनी. रंगांमधले फरकही याच सुमारास स्पष्ट होऊ लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की अगदी लहान बाळेही कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे अधिक वेळ पाहतात आणि चेहऱ्यासारखी आकृती त्यांना विशेष खेचून घेते.

पाळण्यावर चिमणाळे बांधण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने योग्यच म्हणावी लागेल. बाळ जागे असताना ते थोडा वेळ रमते. परंतु चिमणाळे बाळाला प्रतिसाद देत नाही. बाळ हसले की हसणारा, ते हुंकारले की बोलणारा चेहराच ते काम करतो. बाबागाडीतून फिरताना तर रस्ता, झाडे, माणसे आणि ऊन-सावली यांतून डोळ्यांना भरपूर खाद्य मिळते. त्यावर खेळण्यांची भर घालण्याची गरज नसते. उलट टपाला दाटीने लटकवलेली खेळणी समोरचा चेहराच झाकून टाकतात.

गाडीचे तोंड कोणीकडे?

खरा प्रश्न बाळाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हा आहे. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांचे याविषयीचे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ब्रिटनमधील रस्त्यांवर पालक व बाळांच्या सुमारे २,७०० जोड्यांचे निरीक्षण करण्यात आले. शिवाय २० माता व बाळांवर एक छोटा प्रयोगही झाला. बाळाचे तोंड आईकडे असलेल्या गाडीत आया बाळाशी सुमारे दुप्पट बोलल्या. बाळांना झोपही अधिक सहज लागली. प्रयोग लहान असल्याने त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. तरी निदान पहिल्या वर्षात बाळ ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसावे, हा सल्ला सयुक्तिक ठरतो.

कडेवरच्या बाळाला हे आपोआप मिळते. आजी चालता चालता बोलते, म्हैस दाखवते, शेजारणीशी गप्पा मारते. चेहरा जवळ आणि जगही समोर, असा दुहेरी लाभ बाळाला होतो.

झोळीची गोष्ट वेगळी. झोपेपुरती ती ठीक असली, तरी तिच्यातून बाळाला कापडापलीकडचे फारसे दिसत नाही. सोनपेठ-गंगाखेड परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. फडावर आई-वडील दोघेही राबत असताना तान्हे मूल तासन् तास झोळीत राहते किंवा थोरल्या भावंडाच्या हवाली होते. येथे उणीव खेळण्यांची नसून बोलणाऱ्या मोठ्या माणसाची आहे.

पट्टा, पडदा आणि ऊन

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला बाबागाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून सलग एक तासापेक्षा जास्त ठेवू नये. या वयात मोबाइल वा टीव्हीचा पडदा मुळीच दाखवू नये, असेही त्यात स्पष्ट केले आहे. गाडीवरचा मोबाइल स्टँड त्यामुळे अनाठायीच ठरतो.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी गाडी कापडाने पूर्ण झाकण्याचा मोह होतो. त्यामुळे बाळाचे पाहणे तर थांबतेच. शिवाय हवा कोंडून आतील तापमान वाढते आणि बाळ पालकाच्या नजरेआड जाते. सावलीचे टप उघडून हवा खेळती ठेवणे आणि भर दुपारी बाळाला बाहेर न काढणे, हेच श्रेयस्कर.

काळजी कशाची करावी?

डोळ्यांना दृश्य न मिळाल्यास मेंदूतील दृष्टिकेंद्राची वाढ खुंटते, हे खरे आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांतून ते दाखविले. दृष्टीविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ही हानी खेळणी नसल्याने होत नाही. जन्मजात मोतीबिंदूसारखे अडथळे वेळेत दूर न झाल्याने ती होते.

म्हणून तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसेल, नजर वस्तूमागे फिरत नसेल, बाहुलीत पांढरट झाक दिसत असेल किंवा डोळा सतत तिरळा वाटत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला तातडीने दाखवावे. दिवसांआधी जन्मलेल्या व कमी वजनाच्या बाळांचा दृष्टिपटल पहिल्या महिन्यातच तपासून घेणे आवश्यक आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोन्ही विकारांचा समावेश असून, त्याखालील तपासणी व उपचार मोफत आहेत. ग्रामीण भागात आशा कार्यकर्ती वा अंगणवाडी सेविकेकडे याबाबत विचारणा करता येते.

थोडक्यात, गाडी घेताना टपाला काय लटकते यापेक्षा तिची बैठक आपल्याकडे वळते का, हे पालकांनी पाहावे. आणि फिरायला निघाल्यावर आपला मोबाइल खिशात ठेवून बाळाशी बोलावे.