इयादतीला जाताना

फोंडाघाटातून कॅन्सरच्या उपचाराला निघालेली बाई घाट चढून कोल्हापूरला जाते, नाहीतर गोव्यात बांबोळीला, किंवा कणकवलीहून रेल्वेने मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात. कुठूनही परतली, तरी घरी तिची गाठ विचारपूस करणाऱ्यांशी पडते. रमजानमध्ये तर इफ्तारीचं ताट घेऊन शेजारीण येते आणि सहज विचारते, ‘रोजा नाही का धरलास?’

स्तनाच्या कॅन्सरची केमोथेरपी चालू असलेल्या बाईला हा प्रश्न आरोपासारखा लागतो. खरं तर सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींनी आजाऱ्याला सवलत दिली आहे. बरं झाल्यावर ते रोजे पुरे करावेत. तेही शक्य नसेल तर फिदया, म्हणजे गरिबाला जेवण. टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी सहरीला घेता येते, म्हणून काही जणी डॉक्टरांना विचारून रोजे धरतातही. पण केमोने उलट्या होत असताना दिवसभर पाण्याविना राहणं धोक्याचं. हा हिशेब तिचा आणि डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा नव्हे.

आजाऱ्याच्या भेटीला इयादत म्हणतात. तिचा रिवाज छोटा: थोडं बसावं, दुआ करावी, उठावं. हल्ली तासभर बसून कुणाची फूफी याच आजाराने कशी गेली, ते सांगितलं जातं. कुणाला नजर लागल्याचा संशय येतो. ‘हिंमत ठेव’ हे वाक्य चांगलंच, पण ते ऐकल्यावर तिला रडण्याची सोय उरत नाही.

न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांनी 1952 साली, स्वतःचं स्तन काढल्यावर, तशाच रुग्ण बायकांना भेटायला सुरुवात केली. कपडे कसे बेतायचे, हात पुन्हा वर कसा न्यायचा, नवऱ्याशी काय बोलायचं, हे त्या सांगत. काही डॉक्टरांना ती लुडबूड वाटली! पुढे 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपलंसं केलं. मुंबईत कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 मध्ये ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली.

गावात यातलं बरंच काही शेजारीणही करू शकते. ‘काही मदत हवी का?’ असं मोघम विचारलं तर ‘काही नको’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मंगळवारी मुलांचं जेवण माझ्याकडे’ किंवा ‘बांबोळीला सोबत येते’ म्हणावं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या बाजूच्या हाताने भरलेली कळशी उचलायची नसते. तिचं पाणी भरून ठेवावं. ईदला मात्र आधी विचारूनच जावं. केमोत प्रतिकारशक्ती उतरते, तेव्हा सर्दी-खोकला असेल तर शीरखुर्मा दारात देऊन लांबूनच सलाम करावा.