संदर्भाखालच्या चार ओळी

शालेय प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असे शीर्षक असते आणि त्याखाली चार-पाच पुस्तकांची नावे. ही पुस्तके विद्यार्थ्याने स्वतः वाचली, की दुसऱ्या कोणाच्या यादीतून उतरवून घेतली, हे त्यावरून कळत नाही. सटीप संदर्भसूचीत ते कळते. तीत प्रत्येक नोंदीखाली विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत तीन-चार वाक्यांचे टिपण लिहितो. एवढ्याने काय साधते, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, आठवीच्या मुलांनी ‘पालेभाज्यांतील लोह’ हा विषय घेतला. पालकात भरपूर लोह असते, असे त्यांनी ऐकलेले असते. हा गैरसमज असून तो जुन्या आकड्यातील दशांश चिन्ह चुकल्यामुळे पसरला, असेही कोठेतरी वाचायला मिळते. ही हकीकत टी. जे. हॅम्ब्लिन यांनी १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सांगितली आणि पुढे ती अनेकांनी उद्धृत केली. हॅम्ब्लिन यांनी मात्र तिला आधार दिलेला नव्हता. माइक सटन यांनी २०१० मध्ये तिचे मूळ शोधले, तेव्हा दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावा सापडला नाही. चूक कशी पसरते हे सांगणारी हकीकतच न तपासता पसरली होती! उद्धृत करणाऱ्यांपैकी एकाने जरी ‘याला मूळ आधार दिलेला नाही’ एवढे टिपण केले असते, तरी शंका पूर्वीच आली असती.

टिपणात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. हे कोणी, केव्हा लिहिले? माहिती स्वतः मोजून दिली आहे की दुसऱ्याकडून घेतली आहे? आपल्या प्रश्नाला यातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही? नमुना असा :

‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’, राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद, २०१७. देशाच्या सहा विभागांतून आणलेल्या खाद्यपदार्थांचे प्रयोगशाळेत केलेले पृथक्करण. पालकात १०० ग्रॅममागे लोह २.९५ मिलिग्रॅम. त्यातले शरीरात किती शोषले जाते, हे यातून कळत नाही.

याच संस्थेच्या १९८९ च्या सुधारित पुस्तकात पालकाचा आकडा १.१४ मिलिग्रॅम आहे. नुसती यादी करणारा मुलगा दोन्ही नावे लिहून मोकळा होईल. टिपण लिहिणारा मात्र अडखळेल, आणि तेच आपल्याला हवे आहे. भाजीचे वाण, जमीन, पाल्याला चिकटलेली माती, मोजण्याची पद्धत अशा अनेक कारणांनी आकडे बदलू शकतात. मोजमाप ताज्या भाजीचे की वाळवलेल्या, हेही पाहावे लागते. ताज्या पालकात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणून पाला वाळवला, की १०० ग्रॅममागचे लोह जवळजवळ दसपट दिसते. दशांश चिन्ह न चुकताही!

आम्ही संशोधक एक नियम पाळू पाहतो : जे पुस्तक स्वतः पाहिले नाही, ते सूचीत घालायचे नाही, ज्यातून माहिती कळली, त्याचेच नाव द्यायचे. शाळेतही हा नियम चालावा. गावातल्या परिचारिकेला विचारून माहिती घेतली असेल, तर तशी नोंद करावी. दहा नावांपेक्षा तीन सटीप नोंदींना अधिक गुण द्यावेत. तपासताना टिपणावरून एखादा तोंडी प्रश्न विचारला, तर वाचन झाले आहे की नाही हे लगेच कळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ‘पालक खा, रक्त वाढेल’ हा सल्ला आपल्या वर्गातल्या मुलींनाही घरी मिळत असतो. त्यामागचा आकडा कोणी, कसा मोजला, असे विचारण्याची सवय या चार ओळींपासून लागू शकते.