आयकर कुणी भरावा?

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आपल्या मुलांना ‘तुम्ही आमच्या करावर शिकता’ असे सर्रास ऐकवले जाते. आयकर भरणारा तेवढा करदाता, बाकीचे फुकटे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतच मला तपासावेसे वाटते.

प्रत्यक्ष कर उत्पन्न पाहून घेतला जातो. अप्रत्यक्ष कर वस्तूच्या किमतीतून वसूल होतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर हा दुसऱ्या प्रकारचा. साबणाच्या त्याच वडीवर भूमिहीन मजूर आणि कारखानदार सारखाच कर देतात. मजुराच्या रोजातून मात्र तो जड जातो. तेव्हा कर न देणारा माणूस या देशात जवळजवळ नाहीच.

मग आयकर कुणी भरावा? १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसारा व आयकर यांची तुलना केली. ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला आयकर नव्हता, आणि उत्पन्नाबरोबर त्याचा दर चढत असे. शेतसाऱ्यातून मात्र एक एकरवालाही सुटत नसे, पीक बुडाले तरी. कर ऐपतीवर असावा, हा त्यामागचा विचार.

आज हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावली पाहिजे. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळले; १९६१ च्या आणि २०२५ च्या कायद्यांनी ती सूट कायम ठेवली. असा कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. १९७२ साली राज समितीने जमीनधारणेनुसार चढता कर सुचवला. ती शिफारस कागदावरच राहिली. अल्पभूधारकाला पुढे करून बडा बागायतदार त्याच्या सावलीत उभा आहे, असे माझे मत आहे.

अल्पभूधारकाला सूट हवीच; पण ती त्याच्या तुटपुंज्या उत्पन्नासाठी, धंद्यासाठी नव्हे. तेवढेच कमावणाऱ्या शिक्षकाने कर भरायचा आणि बागायतदाराने नाही, हा न्याय नव्हे. आपल्यातून वर गेलेला अधिकारीही याला अपवाद नाही. त्याने कर भरलाच पाहिजे.

मात्र कर आणि हक्क यांची गाठ बांधू देता कामा नये. १९१९ च्या सुधारणांत मताधिकार मुख्यतः सारा वा आयकर भरणाऱ्यांपुरता होता. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, आणि १९५० च्या राज्यघटनेने ती गाठ तोडली. कर ऐपतीप्रमाणे द्यायचा. हक्क मात्र सर्वांचे सारखे.